जहाजावरून खाटीक का उतरला

१९४८ साली अमेरिकी नौदलाने आपल्या पदांची फेररचना केली. जहाजावरचा स्वयंपाकी, पाव भाजणारा आणि खाटीक ही वेगवेगळी पदं पुसून ‘कमिसरीमॅन’ असं एकच पद आलं. १९७५ मध्ये त्यात स्टुअर्ड, म्हणजे अधिकाऱ्यांच्या जेवणाची व्यवस्था पाहणारे, हेही मिसळले आणि नाव झालं ‘मेस मॅनेजमेंट स्पेशालिस्ट’. २००४ पासून तोच माणूस ‘कलिनरी स्पेशालिस्ट’ आहे. कागदोपत्री खाटकाचा शेवट असा एका ओळीत आटोपतो. पण पद पुसलं गेलं तेव्हा त्याचं बरंचसं काम आधीच जहाजावरून गेलेलं होतं. खलाशी मांस खाईनासे झाले म्हणून ते गेलं नाही. मांस जहाजावर ज्या रूपात चढतं ते रूप बदलत गेलं: आधी जिवंत जनावर, मग धडाचे मोठे भाग, मग हाड काढलेले गठ्ठे, शेवटी मोजून कापलेला तुकडा. दर बदलाला सुरीचं एकेक काम किनाऱ्यावर राहिलं.

शिडांच्या काळापासून पाहायचं तर ब्रिटिश नौदलाचा शिधा सर्वांत नीट नोंदलेला आहे. सॅम्युएल पीप्स नौदलाचा कारभार पाहत असताना १६७७ मध्ये तो लेखी ठरला, आणि अठराव्या शतकात त्याची घडी बसली. माणशी रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन बिअर. आठवड्याला चार पौंड खारवलेलं गोमांस आणि दोन पौंड डुकराचं मांस. मंगळवारी आणि शनिवारी गोमांस, रविवारी आणि गुरुवारी डुकराचं. उरलेले तीन दिवस बिनमांसाचे. त्यांना खलाशी ‘बन्यान डे’ म्हणत. हा शब्द शाकाहारी बनियांवरून गेलेला आहे.

यातलं बहुतेक मांस पिपातलं. ते कापणारे खाटीक जहाजावर नव्हते, लंडनजवळच्या डेटफर्डसारख्या सरकारी कोठारांत होते. जनावरं थंडीच्या महिन्यांत मारली जात, कारण उन्हाळ्यात मीठ हाडापर्यंत पोचण्याआधीच मांस आतून आंबतं. कामाची वाटणी काटेकोर होती: धड चिरून लांब पट्टे काढणारे वेगळे, पट्ट्यांचे तुकडे पाडणारे वेगळे, मीठ चोळणारे वेगळे. गोमांसाचा तुकडा चार पौंडांचा, डुकराचा दोन पौंडांचा. मीठ आणि सोरा चोळायचा, काही दिवस मुरू द्यायचं, मग पिपात थरावर थर देऊन वरून मिठाचं तीव्र पाणी भरायचं. पाणी गळून गेलं की वरचे तुकडे उघडे पडत आणि सडत. म्हणजे पीप चांगलं बनवणाऱ्यावर मांसाचं आयुष्य खाटकाइतकंच अवलंबून होतं.

तुकडा ठरावीक वजनाचा असल्यामुळे जहाजावर सुरी लागतच नसे. पिपातून तुकडे मोजून काढायचे, भिजवणीच्या टाकीत रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ ठेवून मीठ उतरवायचं आणि शिजवायचे. तुकड्यात हाड किती, चरबी किती हा नशिबाचा भाग. म्हणून पंगतीत एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने वाटा दाखवून ‘हा कोणाचा?’ विचारायचं आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं, अशी वाटप-पद्धत होती. तक्रार मापाचीही होती. पर्सर, म्हणजे कोठीचा हिशेब ठेवणारा, सोळा औंसांच्या पौंडाऐवजी चौदा औंस देई. तूट-नासाडी भरून काढण्याची त्याला तेवढी मुभा होती. १७९७ मध्ये इंग्लंडच्या स्पिटहेड इथे झालेल्या खलाशांच्या बंडात पूर्ण सोळा औंस आणि बंदरात ताजं मांस या मागण्या पगारवाढीबरोबर मांडल्या गेल्या. पगाराइतकाच मांसाच्या वजनाचा राग होता, हे लक्षात घ्यावं.

जहाजावर खाटीक लागे तो ताज्या मांसासाठी. बंदरात किंवा दीर्घ नाकेबंदीत जिवंत बैल चढवले जात. १८०३ ते १८०५ दरम्यान तूलोन या फ्रेंच बंदराबाहेर पहारा देणाऱ्या ब्रिटिश सेनानी नेल्सनच्या ताफ्याला सार्डिनियाकडून बैल मिळत. स्कर्व्हीवर, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजारावर, इलाज लिंबाचा आणि कांद्याचा होता, तरी ताज्या मांसाने माणसं तगतात ही समजूत पक्की होती. पण जिवंत जनावर जहाजाला महागात पडतं. एका बैलाला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, म्हणजे सात-आठ खलाशांच्या रोजच्या बिअरइतका द्रव. शिवाय चारा, शेण, आणि खवळलेल्या समुद्रात पाय मोडणारी जनावरं. म्हणून बैल चढले की लवकरात लवकर मारले जात.

हे काम डेकवर होई. पोटाखाली पट्टा घालून बैल वर ओढायचा, कपाळावर कुऱ्हाडीचा घाव घालून बेशुद्ध करायचा, गळा कापून रक्त पूर्ण वाहू द्यायचं. रक्त राहिलं तर मांस लवकर काळवंडतं आणि सडतं. मग कातडं सोलायचं आणि आतडी न फाडता पोट रिकामं करायचं. आतडं फाटलं तर आतली घाण मांसाला लागते आणि त्या जागेपासून नासाडी सुरू होते. धड दोन उभ्या भागांत चिरून हवेत टांगायचं. जिवंत वजनाच्या साधारण निम्मं धड मिळतं. दीडशे किलोचं धड आणि माणशी एक पौंड असा हिशेब धरला, तर नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’सारख्या आठशेहून जास्त माणसांच्या जहाजावर अडीच बैल एका दिवसात संपतात. उष्ण हवेत उरलेलं मांस दुसऱ्या दिवशीच संशयास्पद. हे सगळं करणारा माणूस म्हणजे खलाशांतलाच एखादा, भरतीआधी हा धंदा केलेला. कोंबड्या-बदकं सांभाळणाऱ्याला ‘जेमी डक्स’ म्हणत; खाटकाला तेवढंही गमतीचं नाव मिळालं नाही.

पहिला धक्का डब्याने दिला. १८१३ मध्ये लंडनच्या बर्मंडझी भागातल्या डाँकिन, हॉल आणि गॅम्बल यांच्या कारखान्याचे डबे ब्रिटिश नौदलाने घ्यायला सुरुवात केली. आरंभी हे मांस आजाऱ्यांसाठी होतं. नियमित शिध्यात ते १८४७ मध्ये आलं. १८५२ मध्ये गोल्डनर या कंत्राटदाराचे डबे तपासले तेव्हा उघडलेल्या ३०६ डब्यांपैकी जेमतेम ४२ खाण्यालायक निघाले. कारण समजायला सोपं आहे. डबा मोठा केला की बाहेरून उष्णता दिली तरी मध्यभाग पुरेसा तापत नाही. तिथे जंतू जगतात, वायू धरतो, डबा फुगतो. १८६७ मध्ये फॅनी अॅडम्स या लहान मुलीचा खून झाला, आणि त्याच सुमारास आलेल्या डब्यातल्या मेंढीच्या मांसाला खलाशांनी तिचं नाव दिलं. विनोद क्रूर होता, पण मांसाच्या दर्जाबद्दल त्यांना काय वाटत होतं ते त्यातून कळतं. डब्यात मांस हाड काढून, कापून, शिजवून येतं. खाटकाचं कामही कारखान्याने उचललं आणि स्वयंपाक्याचंही.

मजेची गोष्ट म्हणजे पुढच्या शोधाने खाटकाला उलट पुन्हा जहाजावर आणलं. १८८० मध्ये ‘स्ट्रॅथलेव्हन’ने ऑस्ट्रेलियातून आणि १८८२ मध्ये ‘डनीडिन’ने न्यूझीलंडमधून गोठवलेलं मांस लंडनला पोचवलं. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात अमेरिकी नौदलाने ‘ग्लेशियर’, ‘सेल्टिक’ आणि ‘कल्गोआ’ ही शीतकोठ्यांची जहाजं विकत घेतली. त्यांतली ‘ग्लेशियर’ आणि ‘कल्गोआ’ १९०७ ते १९०९ च्या जगप्रदक्षिणेत ताफ्याबरोबर होत्या. आता ताजं मांस मिळण्यासाठी बैल चढवावा लागत नव्हता. पण मांस येई ते पाव धडाच्या, म्हणजे धडाच्या चौथ्या हिश्श्याच्या, रूपात, कापडी जाळीत गुंडाळलेलं, दगडासारखं गोठलेलं. त्याचा बर्फ सोडवून ते कापायला कारागीर हवाच. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मोठ्या युद्धनौकांवर खाटकाची स्वतंत्र खोली होती. ब्रिटिश जहाजांवर तिला ‘बीफ स्क्रीन’ म्हणत, आणि तिथे काम करणारा अनेकदा रॉयल मरीन्सपैकी, म्हणजे नौदलाच्या सैनिकांपैकी, असे. या धंद्याचा नौदलातला सर्वांत चांगला काळ हाच.

त्याचं काम सुरीपेक्षा तापमानाने सुरू होई. उणे १८ अंशांच्या कोठीतून पाव धड काढून दोन ते चार अंशांच्या कोठीत टांगायचं. बर्फ पूर्ण सुटायला तीन-चार दिवस लागतात. घाई करून भटारखान्याच्या उबेत ठेवलं तर बाहेरचा थर चिकट होतो आणि मांडीच्या हाडाजवळचा गाभा गोठलेलाच राहतो. धड आधीच नीट थंड झालं नसेल तर खुब्याच्या सांध्यापाशी आंबट वास धरलेला असतो, तो कापल्याशिवाय कळत नाही. म्हणून जाणता खाटीक तिथे लांब टोचणी खुपसून हुंगून पाहतो. अमेरिकी पद्धतीत पुढचा आणि मागचा भाग बाराव्या आणि तेराव्या बरगडीमधून वेगळा करतात. मग खांदा, बरगडी, कंबर, मांडी. सुरी सांध्यातून फिरवायची आणि करवत फक्त हाडापुरती वापरायची. करवतीने उडालेला हाडाचा भुगा मांसावरून खरवडून काढला नाही तर ते लवकर बिघडतं. लाकडी ठोकळा रोज ब्रशने घासून, मीठ लावून कोरडा ठेवायचा. जहाज डोलत असताना टांगलेली धडं बांधून ठेवायची, कारण आकड्यावर झुलणारं सत्तर किलोचं मांस माणसाला सहज पाडतं.

आता हिशेब पाहा. शंभर किलो धडातून हाड आणि जादा चरबी काढली की ६५ ते ७० किलो उरतं. बाकीचा भाग गोठवायला वीज लागली, वाहायला जागा लागली, आणि शेवटी थोडी हाडं रश्श्याच्या भांड्यात जाऊन उरलेली समुद्रात गेली. वाकडंतिकडं धड कोठीत बसतं तेव्हा आजूबाजूची हवाही थंड करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात शीत-जहाजांची टंचाई झाली आणि या हिशेबाने जोर धरला. अमेरिकी लष्कराने कत्तलखान्यातच हाड काढून मांस खोक्यात भरायला लावलं. भाजण्याचे आणि स्टेकचे तुकडे, रश्श्याचे तुकडे, खिमा अशी तीन प्रकारांत विभागणी. खोकी रचून ठेवता येतात, हातोहात उतरवता येतात; पाव धड अरुंद शिडीवरून खाली न्यायला दोन माणसं आणि बरीच शिवीगाळ लागते. पाणबुडीवर तर धड टांगायला जागाच नव्हती, आणि तिथे खाटकाचं वेगळं पदही नव्हतं.

१९४८ चा निर्णय या पार्श्वभूमीवर आला. त्यानंतर निर्वात पिशव्या रूढ झाल्या. १९६७ मध्ये आयबीपी या कंपनीने नेब्रास्कातल्या डकोटा सिटीच्या कारखान्यातून खोक्यातलं गोमांस मोठ्या प्रमाणावर विकायला सुरुवात केली. मग किनाऱ्यावरचे दुकानदारही धड घेईनासे झाले, आणि नौदलाला धड पुरवणारी साखळीच आटली. भरतीला येणाऱ्यांत हा धंदा आधी शिकून आलेले तरुणही उरले नाहीत. हे कारण सहसा सांगितलं जात नाही, पण माझ्या मते ते नव्या पदनामांपेक्षा मोठं आहे: शिडांच्या काळापासून नौदल आपला खाटीक गावातून तयार घेत आलं होतं.

जहाजावर आज उरलं आहे ते गोठलेलं खोकं सोडवण्याचं, म्हणजे त्यातल्या मांसाचा बर्फ सुटू देण्याचं काम, आणि त्यातही चुका जुन्याच आहेत. खोकी एकावर एक तशीच रचून सोडवायला ठेवली की बाहेरच्यांतून पाणी गळतं आणि मधलं दोन-तीन दिवसांनीही गोठलेलंच निघतं. ती सुटी करून, जाळीच्या फळीवर, मध्ये हाताएवढं अंतर ठेवून, खाली गळती झेलायला ताट ठेवून मांडावी लागतात. शिवाय सुटलेला गठ्ठा मांसाच्या धाग्याच्या आडवा कापायचा की धाग्याबरोबर, हे पिशवीवर लिहिलेलं नसतं.