श्रवणयंत्र आणि स्मार्टफोन यांची ब्लूटूथ जोडणी

फोनवरचा आवाज बिनतारी मार्गाने थेट कानाच्या मशीनमध्ये पोहोचवण्याची व्यवस्था. एरवी श्रवणयंत्राचा मायक्रोफोन भोवतालचा सगळाच गोंगाट उचलतो, आणि फोन कानाला टेकवला की पुष्कळदा शिट्टी वाजते. जोडणी झाल्यावर समोरच्याचे बोलणे यंत्रात परस्पर उतरते आणि त्या कानाच्या ऑडिओग्रामप्रमाणे (श्रवणतपासणीच्या आलेखाप्रमाणे) वाढवून ऐकू येते. दादरच्या फलाटावर उभ्या माणसाला लेकीचा फोन यामुळे नीट कळतो. लेकीला मात्र फलाटच जास्त ऐकू येण्याची शक्यता असते, कारण अनेक यंत्रांत बोलणाऱ्याचा आवाज फोनचाच मायक्रोफोन घेतो. फोन खिशात ठेवून बोलण्याची हौस तिथे भागत नाही.

श्रवणयंत्रातला झिंक-एअर सेल हरभऱ्याएवढा, सुमारे १.४ व्होल्टचा. जुने ब्लूटूथ त्याला झेपत नसे, म्हणून बरीच वर्षे गळ्यात अडकवायचे मध्यस्थ उपकरण लागे. ॲपलने २०१३ मध्ये कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर बेतलेली स्वतःची पद्धत आणली. पुढच्या वर्षी जीएन रिसाउंड आणि स्टार्की या श्रवणयंत्र कंपन्यांची तशी यंत्रे बाजारात आली. गुगलने २०१८ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी ‘ॲशा’ ही पद्धत जाहीर केली. फोनॅक या कंपनीने साध्या ब्लूटूथचाच मार्ग धरला, त्यामुळे त्यांची तशी यंत्रे जवळपास कुठल्याही फोनला जोडता येतात. ‘यात ब्लूटूथ आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य म्हणूनच खरे असूनही अपुरे ठरते. कोणते ब्लूटूथ, आणि आपल्या खिशातल्या फोनला ते चालते का, हे विचारायला हवे. मशीन निवडायला जाताना घरातला वापराचा फोन बरोबर न्यावा. वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे (स्थापना १९८३). श्रवणतपासणी आणि यंत्र बसवण्यासाठी मुंबईकरांचे ते जुने ठिकाण.

जोडताना सेलचे झाकण उघडून पुन्हा लावतात. चार्जिंगवर चालणारे श्रवणयंत्र असेल, तर ते बंद करून चालू करतात. त्यानंतरची काही मिनिटेच ते नव्या फोनला दिसते. आयफोनमध्ये नाव ब्लूटूथच्या यादीत सापडले नाही, तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीतल्या ‘हिअरिंग डिव्हायसेस’मध्ये पाहावे. घरात जुना टॅबलेट आधीच जोडलेला असेल, तर मशीन त्याच्याकडेच धाव घेते आणि आजोबांना वाटते, बिघडले.

ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी शरीरात शोषल्या जातात. उजव्या मागच्या खिशात फोन असेल तर डाव्या कानातला आवाज तुटू शकतो. गर्दीच्या लोकलमध्ये तर मध्ये इतरांची शरीरेही येतात. फोन छातीच्या खिशात ठेवला की बहुधा भागते. गाणी ऐकताना काही यंत्रे बाहेरचा मायक्रोफोन मंद करतात, तेव्हा रस्ता ओलांडण्यापूर्वी तो पूर्ववत करावा. पावसाळ्यात घामाने आणि दमट हवेने ओलसर झालेले मशीन रात्री सेल काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवतात.

२०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या ब्लूटूथच्या सामायिक पद्धतीमुळे कंपन्यांच्या वेगवेगळ्या पद्धतींची ही फाटाफूट मिटू लागली आहे. त्यातल्या ‘ऑराकास्ट’ने एकाच ठिकाणाहून कितीही श्रोत्यांना आवाज पाठवता येतो, नाट्यगृहात तशी यंत्रणा बसवली, तर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या मशीनमध्येही रंगमंचावरचे संवाद सरळ पोहोचतील. त्यासाठी मशीनमध्ये तशी चिप असावी लागते. जुन्या यंत्रात ती नंतर घालता येत नाही.