सबवूफर चांगला, खोली नाठाळ

सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचे सूर वाजवणारा स्पीकर. त्याच्या खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ (म्हणे क्षणभराची कमाल ताकद) छापलेलं असतं, आणि आतला ट्रान्सफॉर्मर जेमतेम ५० वॅटचा. पीएमपीओला कसलंही सर्वमान्य प्रमाण नाही. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडा. पण तो खरा असला तरी ‘बेस (खर्ज) नुसता घुमतो’ ही तक्रार उरतेच. तिथे दोष बहुतेकदा खोलीचा.

हॉल १४ फूट, म्हणजे ४.२७ मीटर लांब धरू. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर; म्हणून ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनांच्या) लहरीची लांबी साधारण ८.६ मीटर, खोलीच्या जवळपास दुप्पट. भिंतीवरून परतणारी लहर जाणाऱ्या लहरीत मिसळते आणि स्थिर लहर उभी राहते. तंबोऱ्याच्या तारेसारखीच हवाही मधोमध सर्वांत जास्त पुढेमागे सरकते. पण कानाला सरकणं नाही, दाबातला बदल कळतो, आणि तो मधोमध जवळजवळ शून्य, भिंतींपाशी सर्वाधिक! सोफा बरोबर मध्यावर असेल तर ४० हर्ट्झ गायब. मागच्या भिंतीला टेकलेल्याला तोच सूर नकोसा होतो. मध्यापासून दोनच फूट सरका, भिंतीपाशी असतो त्याच्या ४३ टक्के दाब मिळतो. ८० हर्ट्झला अशा दोन मुक्या जागा, दोन्ही भिंतींपासून साडेतीन फुटांवर. रुंदी आणि उंचीचे हिशेब वेगळे. विटांच्या भिंती आणि स्लॅब खर्ज फारसा शोषत नाहीत, त्यामुळे ढोलाचा ठोका संपला तरी खोली गुणगुणत राहते.

मुक्या जागी इक्वलायझर (ठरावीक सूर कमीजास्त करायची सोय) वाढवून उपयोग नाही: मूळ लहर वाढते तशी परतलेलीही वाढते, वजाबाकी तीच. फुगलेला सूर मात्र कापता येतो.

उपाय फुकटचा आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी, शक्यतो कानाच्या उंचीवर ठेवा. ३० ते १०० हर्ट्झ हळूहळू चढणारा सूर लावा आणि भिंतीकडेने वाकून, कान जमिनीजवळ नेत फिरा. जिथे सगळे सूर सारखे येतात ती सबवूफरची जागा. ध्वनीचा उगम आणि कान यांची अदलाबदल चालते. सर्वांत मोठा आवाज कोपऱ्यात मिळेल, त्याला भुलू नका. कोपरा खोलीचे सगळेच सूर चेतवतो. मग क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवून फेजचं, म्हणजे लहर सुलट-उलट करायचं बटण ० आणि १८० वर फिरवा. बसल्या जागी ८० हर्ट्झ ज्यात भरदार वाटेल ते ठेवा.

दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर, एकाच फेजमध्ये लावले तर आणखी बरं. ४० हर्ट्झच्या स्थिर लहरीत दोन टोकांचा दाब एकमेकांविरुद्ध असतो, म्हणून एक सबवूफर तिला ढकलतो तेव्हा दुसरा अडवतो.

आणि भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. सच्छिद्र वस्तू हवा जिथे जोरात सरकते तिथे काम करते. ४० हर्ट्झसाठी ती जागा भिंतीपासून २.१ मीटरवर.