पांजरपोळ ते रविवारचा व्हॉलंटियर

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि अकराच दिवसांनी तो बराचसा बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथली तिथे सोडा. पिसाळलेली किंवा अंगावर धावून येणारी तेवढी सोडू नका. मधल्या दिवसांत जो तो विचारत होता, एवढी कुत्री ठेवणार कुठे? ठेवल्यावर त्यांचं करणार कोण, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. वास्तविक अवघड प्रश्न तोच.

मुंबईला तो १८३२ सालीच पडला होता. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची कंपनी सरकारची पद्धत होती आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षीस म्हटल्यावर लोकांच्या दारातली कुत्रीही ओढली जाणारच. ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, फोर्टमध्ये पारशी मंडळी शिपायांवर धावून गेली आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लागा, म्हणजे ठरावीक वर्गणी, बसवून घेतला.

आपल्याकडच्या प्राणीसेवेची घडण इथेच दिसते. शेठ पैसे देणार, शेण काढणार तो पगारी गडी. संक्रांतीला आजही पांजरपोळीत गर्दी होते. माणसं गाईला चारा घालतात, नमस्कार करतात आणि घरी जातात. यात वावगं काही नाही. जवळजवळ दोनशे वर्षं टिकलेली व्यवस्था आहे ती, आणि किती स्वयंसेवी संस्थांना असं म्हणता येईल? पण हातात झाडू घेतलेला, बिनपगारी, दर आठवड्याला येणारा माणूस या चित्रात कुठे नव्हता.

तो आला पश्चिमेकडून, आणि बहुतेक वेळा तो ‘ती’ होती. लंडनमध्ये १८६० साली मेरी टिल्बी या बाईंनी हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी घर काढलं. वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली. माणसं उपाशी असताना कुत्र्यांची कसली घरं! (हा टोमणा आजही तितकाच ताजा आहे.) १८७१ मध्ये ते घर बॅटरसीला गेलं आणि अजून तिथेच आहे. फिलाडेल्फियात कॅरोलिन अर्ल व्हाइट यांनी प्राणिरक्षक संस्था उभारायला मदत केली खरी, पण बाई म्हणून कार्यकारिणीत त्यांना जागा मिळाली नाही. मग १८६९ मध्ये त्यांनी स्त्रियांची वेगळी शाखाच काढली आणि बेवारस कुत्र्यांसाठी निवारा सुरू केला.

मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली. सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई रुग्णालय झालं, आणि त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. मुंबईकरांनी त्याला साधं नाव दिलं, ‘बैलघोडा हॉस्पिटल’. नाव अचूक होतं, कारण त्या काळी डोळ्यासमोर होता तो ओझ्याचा बैल आणि व्हिक्टोरियाचा घोडा. कुत्र्याच्या वाट्याला बराच काळ महापालिकेची गाडीच आली.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेला प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा १९६० मध्ये झाला आणि त्यानुसार १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ आलं. पण रस्त्यावरचं गणित बदललं चेन्नईत. ब्ल्यू क्रॉस या प्राणिसंस्थेच्या मंडळींनी १९६४ पासून ‘मारू नका, नसबंदी करून सोडा’ असा धोशा लावला. तिथल्या महापालिकेला तो पटायला १९९६ उजाडलं आणि २००१ मध्ये तोच देशाचा नियम झाला.

या नियमामुळे आपला व्हॉलंटियर बॅटरसीच्या व्हॉलंटियरपेक्षा वेगळा घडला. तिकडे निवारा म्हणजे दत्तक जाईपर्यंतचं घर. तिथला स्वयंसेवक कुत्र्याला फिरवतो, माणसाळवतो, त्याचे चांगले फोटो काढतो. इकडे निवारा म्हणजे मुख्यतः दवाखाना. कुत्रं येतं, टाके पडतात, कानाला खूण होते आणि ते आपल्या गल्लीत परत जातं. म्हणून खरं काम गल्लीत असतं: कुत्री कुठे झोपते, कुणाच्या हातचं खाते, जाळी न टाकता कशी धरता येईल, हे ठाऊक असणारी माणसं. आवारात कायमची राहतात ती कंबरेतून गेलेली, आंधळी किंवा म्हातारी.

अशा निवाऱ्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, पिल्लांशी खेळायला मिळेल. हातात रद्दीचा गठ्ठा आला. जुना कागद गुंडाळायचा, फिनेलने फरशी पुसायची, नवा अंथरायचा, आणि शेवटच्या पिंजऱ्याशी पोचेपर्यंत पहिल्यात परत तेच. मागचे पाय ओढत चालणारी एक पांढरी कुत्री ओल्या फरशीवरून माझ्यामागे सरकत येत होती. दर थोड्या वेळाने तिची मांडी पुसून पावडर लावायची, नाहीतर जखम चिघळते. दुपारी निघताना तिथल्या ताई म्हणाल्या, ‘‘पुढच्या रविवारी येणार असाल तर आधी रेबीजची लस घेऊन या.’’ ‘येणार असाल तर’ वरचा जोर मला कळला. पहिल्या रविवारी येणारे पुष्कळ असतात.

परदेशी मदतीचं सर्वात ठोस काम दिसतं ते गोव्यात. आसगावला १९९८ पासून परदेशी मंडळींनी प्राण्यांसाठी केंद्र चालवलं. हंगामात किनाऱ्यावरच्या पिल्लांना जीव लावणारे आणि व्हिसा संपला की निघून जाणारे पाहुणे गोव्याला नवे नव्हते. मिशन रेबीज या संस्थेने मात्र सरकारला बरोबर घेऊन, मोबाइलवर गल्ल्यांचे नकाशे आखून, वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस टोचण्यापर्यंत मजल मारली. शाळाशाळांतून मुलांना कुत्रं चावल्यावर काय करायचं ते शिकवलं. २०१८ पासून पुढची तीन वर्षं गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही.

उलट दिशेची वाहतूकही आहे. इथली अपंग किंवा म्हातारी कुत्री अमेरिकेत दत्तक जातात (२०२२ पर्यंत कॅनडातही जात) आणि त्यांच्याबरोबर प्रवासाला कुणीतरी लागतं. एमएसला निघालेला पुण्याचा मुलगा नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला चाललेली आजी आपल्या तिकिटावर कुत्र्याचा पिंजरा लावून घेते. या कामालाच ‘फ्लाइट व्हॉलंटियर’ म्हणतात. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेने रेबीजचा धोका असलेल्या शंभराहून अधिक देशांतली कुत्री घेणं थांबवलं. त्यात भारतही होता. ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम आहेत. कुत्रं सहा महिन्यांहून मोठं हवं, मायक्रोचिप हवी, लसीचे कागद हवेत, आणि मान्य प्रयोगशाळेचा रक्ताचा अहवाल नसेल तर तिथे उतरल्यावर २८ दिवस वेगळं राहायचं.