पालीची भीती कंसात टाकताना

'मनातली भीती दहा मिनिटांत कायमची डिलीट करा' अशी एक रील मागे भाचीने मला पाठवली होती. तेव्हा ट्यूबलाइटमागे पाल दिसली की ही बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरूनच आईला हाका मारायची. रीलमधल्या 'कायमची' या शब्दापाशी मी अडलो.

भीतीवरच्या उपचाराची मूळ रीत शंभर वर्षं जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची हकीकत छापली. तो आवडीचं खात बसला की सशाचा पिंजरा थोडा थोडा जवळ आणला जायचा. शेवटी पोरगं सशाला कुरवाळू लागलं. 1958 मध्ये मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी अशा उपचारांना नीट पद्धत घालून दिली.

पण काही जणांची गेलेली भीती परत यायची. असं का व्हावं, याचा धागा रशियन शास्त्रज्ञ पावलोवच्या प्रयोगातल्या कुत्र्यांपाशी सापडतो. ठरावीक आवाजानंतर खाणं मिळतं हे कळल्यावर कुत्र्याला नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. खाणं देणं थांबवलं की लाळही हळूहळू थांबते. मग कुत्र्याला थोडी विश्रांती द्या आणि पुन्हा तोच आवाज ऐकवा: लाळ हजर! म्हणजे जुनं शिकणं पुसलं गेलेलंच नव्हतं. सातबाऱ्यावर पूर्वी जुनं नाव खोडत नसत, त्याला कंस करून खाली नवं लिहीत. मेंदूचाही कारभार तसाच.

मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांनी उंदरांवर याची पुढची पायरी दाखवली. एका पेटीत शॉक देऊन भीती शिकवली, दुसऱ्या पेटीत ती घालवली. उंदीर पहिल्या पेटीत परतला आणि भीतीही परतली. जुनी भीती कुठेही जागी होते. 'आता धोका नाही' हे नवं शिकणं मात्र जागेला चिकटून राहतं. अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीच्या केंद्रातली नोंद शाबूत असते, कपाळामागचा मेंदूचा भाग तिला ब्रेक लावतो, आणि ब्रेक कधी लावायचा हे हिप्पोकॅम्पस हा आठवणी सांभाळणारा भाग आजूबाजूचा संदर्भ पाहून ठरवतो. (हे वाक्य दोनदा वाचावं लागलं तर दोष माझा.)

हे समजल्यावर दवाखान्यातली रीत बदलू लागली. पूर्वी भर असे तो भीतीचा आकडा, म्हणजे भीती किती वाटतेय याला रुग्णाने स्वतः दिलेले गुण, उतरेपर्यंत थांबण्यावर. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या बैठकीत आकडा किती उतरला यावरून पुढचं फारसं सांगता येत नाही. रुग्णाची अपेक्षा किती जोरात खोटी ठरली, याला जास्त किंमत.

भाची शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेली. त्यांनी वही करायला लावली. आधी लिहायचं: 'पाल अंगावर उडी मारेल, शक्यता 90 टक्के.' मग हातात झाडू न घेता पाच मिनिटं ट्यूबलाइटखाली उभं राहायचं. मग लिहायचं: काय झालं? पाल तिच्याकडे फिरकलीसुद्धा नव्हती. आजीने मध्येच पंचांगातलं पल्लीपतनाचं पान काढलं, कुठल्या अंगावर पडली तर काय फळ ते बघायला. पाल छतावर पाखरं टिपत होती. तिला आमच्या भविष्याचं काय पडलंय!

मे महिन्यात पोरगी आजोळी गेली आणि न्हाणीघरातली पाल बघून पुन्हा किंचाळली. उपचार फुकट गेला म्हणून तिची आई हिरमुसली. बाईंनी वहीत फक्त पुढची जागा लिहून दिली: 'न्हाणीघर, आजोळ. झाडूशिवाय.'