ब्रांचचे नियम आले कुठनं

टीममध्ये नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यातच विचारतंय, बदललेला कोड डायरेक्ट मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कॉपीवर, पुश का करायचा नाही, आधी ब्रांच म्हणजे त्याची वेगळी शाखा का काढायची. प्रश्न बरोबर आहे. आमचं कोल्हापुरात राजारामपुरीत छोटं ऑफिस, फाउंड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, आणि आमच्याकडं पण आधी 'बिलिंग_फायनल', 'बिलिंग_फायनल_नवीन' असलीच फोल्डरं होती, एकदा जुन्यातली फाईल क्लायंटकडं गेली आणि रात्री अकरापर्यंत बसलो. उद्यमनगरात ओतकामाचा लाकडी नमुना करणारा पॅटर्नवाला ड्रॉइंगवरचा रिव्हिजन नंबर बघितल्याशिवाय लाकडाला हात लावत नाही, आम्ही मात्र बिनधास्त.

तर कोडच्या बदलांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर सुरू झाली 1972 ला, अमेरिकेत बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंडनं एससीसीएस केलं. मग 1980 च्या दशकात वॉल्टर टिचीचं आरसीएस आलं, त्यात फाईलला लॉक लागायचं, म्हणजे एकानं घेतली की दुसऱ्यानं गप बसायचं. अॅमस्टरडॅमला डिक ग्रून नावाचे प्राध्यापक दोन विद्यार्थ्यांबरोबर कंपायलरवर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) काम करत होते, एकजण नऊ ते पाच, दुसऱ्याचा काही नेम नाही, आणि सरांना फक्त संध्याकाळी वेळ. लॉकवर कसं जमणार? त्यातनं सीव्हीएस निघालं, 1986 ला त्यांनी ते सगळ्यांना दिलं. ज्यानं त्यानं आपल्या कॉपीवर काम करा, शेवटी मर्ज करा, म्हणजे सगळ्यांचे बदल एकत्र करा.

पण मर्ज डोकेदुखीच होतं, सीव्हीएसनंतर आलेल्या सबव्हर्जनमध्ये सुद्धा कुठलं मर्ज झालंय याची नोंद 2008 च्या 1.5 व्हर्जनमध्ये आली, म्हणून लोक ब्रांच काढायलाच भ्यायचे. 2005 ला लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल लिहिणारे वापरायचे त्या बिटकीपर या असल्याच सॉफ्टवेअरचं फुकट लायसन्स गेलं आणि लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सनं एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. गिटमध्ये ब्रांच म्हणजे 40 अक्षरी हॅश (शेवटच्या बदलाची ओळखखूण) ठेवलेली एक बारकी फाईल, बास. ब्रांच इतकी स्वस्त झाली की ढिगानं निघायला लागल्या, मग नावांना शिस्त हवी झाली.

2010 ला व्हिन्सेंट ड्रिसेननं डेव्हलप (चालू काम), फीचर (नवीन सोय), रिलीज (बाहेर द्यायची तयारी), हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) अशी ब्रांचची मांडणी एका लेखात लिहिली आणि ती इतकी पसरली की लोक डोळे झाकून लावायला लागले, आम्ही पण लावली. 2020 ला त्यानंच त्या लेखात वर टीप टाकली की सतत डिप्लॉय होणाऱ्या, म्हणजे नवीन कोड लगेच चालू होणाऱ्या वेब ॲपला यापेक्षा सोपी पद्धत घ्या, एकाच वेळी अनेक व्हर्जन सांभाळायची असतील तर ही चालेल. हे मला फार पटलं. आमच्या वेब पॅनेलला आता मेन आणि छोट्या फीचर ब्रांच एवढंच आहे, पण काही फाउंड्रीत जुनं व्हर्जन त्यांच्याच मशीनवर चालतंय, त्यांच्यासाठी रिलीज ब्रांच ठेवल्यात.