शिक्कामोर्तब झालेले कागद लिलावात कसे पोचले

लिलावाच्या यादीत मराठवाड्याकडचा जुना कागद दिसला की मी आधी गावाचे नाव शोधतो. बहुतेक वेळा ते नसतेच. निजामकालीन सनद, वर शिक्का, कडा झिजलेल्या, मध्ये घडीवर फाटलेली, हळदकुंकवाचे डाग, एवढे वर्णन आणि खाली किंमत. डाग दोषांच्या रकान्यात पडतात. आमच्या घरी पत्र्याची पेटी दसऱ्याला माळवदाखालच्या फळीवरून खाली यायची. आतला रुमाल सोडून कागद पाटावर ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे आणि न वाचता परत बांधायचे. वाचणार कोण? अर्धे मोडीत, अर्धे फारसीत. त्यामुळे डाग असलेली सनद लिलावात पाहिली की ती कुणाच्या तरी देवघरातून उठून आली आहे, हे मला लगेच कळते. कोणत्या, ते मात्र यादीने पुसून टाकलेले असते.

हे कागद तिथवर पोचले कसे, हे समजून घ्यायला दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात. राजाच्या सहीला किंमत आली ती युरोपात, आणि आपल्याकडचे कागद घराबाहेर पडले ते वेगळ्याच कारणांनी. दोन्ही प्रवाह एकत्र आले ते फार उशिरा.

युरोपात लिलावाचा धंदा पुस्तकांच्या आणि हस्तलिखितांच्या आधाराने वाढला. सदबीज हे लंडनचे घर १७४४ साली पुस्तकांच्या लिलावापासूनच सुरू झाले, क्रिस्टीज १७६६ साली. पुढे थोरांच्या अक्षराचा नमुना जवळ बाळगणे हा प्रतिष्ठित छंद झाला आणि त्याची उतरंडही ठरली. सगळ्यांत वर राजाने किंवा राणीने स्वतःच्या हाताने लिहून सही केलेले पत्र, त्याखाली कारकुनाने लिहिलेले आणि राजाने सही केलेले, त्याखाली नेमणुकांचे छापील हुकूम, सही केलेली छायाचित्रे, नाताळची शुभेच्छापत्रे. सहीतले एखादे अक्षरही किंमत फिरवते. व्हिक्टोरिया राणी आधी नावापुढे नुसते 'आर' लिही, म्हणजे लॅटिन 'रेजिना', राणी. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीच्या दरबारात तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले, आणि मग 'आर'च्या पुढे 'आय'ही आला, म्हणजे 'इम्पेराट्रिक्स', सम्राज्ञी. तिच्या पणतवाने, सहाव्या जॉर्जने, ऑगस्ट १९४७ मध्ये आईला पत्र लिहिताना तो 'आय' गाळला आणि आईला ते पाहून वाईट वाटले, अशी नोंद आहे. साम्राज्य संपल्याची खूण एका अक्षराच्या जागेवर दिसते. संग्राहकाला त्या जागेचा मोह पडतो, तो मला समजतो.

त्याच ऑगस्टपासून पुढचे तेरा महिने मराठवाडा मात्र अधांतरी होता. इकडे हुकूम सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचेच चालत होते. हैदराबाद संस्थान भारतात आले त्या १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा आमचा प्रत्येक सरकारी कागद 'सरकार-ए-आसफिया'चा, म्हणजे निजामाच्या आसफजाही घराण्याच्या सरकारचा. त्या तेरा महिन्यांतला तहसिलीचा साधा दाखलासुद्धा म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो, त्यावर कुणा राजाची सही असो वा नसो.

सहीवरून आठवले. आपल्या परंपरेत राजाचा कागद सहीने ओळखलाच जात नव्हता. तो शिक्क्याने ओळखला जाई. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही अष्टकोनी मुद्रा असते आणि मजकूर जिथे संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब. वर शिक्का, खाली मोर्तब, म्हणजे मधल्या मजकुरात कुणी भर घालू नये. आपण रोज बोलतो तो 'शिक्कामोर्तब' हा शब्द अक्षरशः या दोन ठशांमधून आला आहे. पेशवाईत कारकून पत्र लिही आणि शेवटची एखादी ओळ, 'बहुत काय लिहिणे' अशी, धनी स्वतः घाली. 'दस्तुरखुद्द' म्हणजे आज आपण 'जातीने' समजतो, पण मूळ अर्थ 'स्वतःच्या हातचे अक्षर' असा. 'सही'सुद्धा अरबीतल्या 'सहीह'वरून आलेली, म्हणजे 'बरोबर आहे' असा शेरा. नावाचा त्यात संबंध नव्हता. मोगलांकडे बादशहाचा तो फर्मान, शहजाद्याचे ते निशान, अधिकाऱ्याचा तो परवाना. फर्मानाच्या माथ्यावर तुघरा, म्हणजे वळणदार अक्षरांत गुंफलेले बादशहाचे नाव, आणि गोल शिक्का, आणि काही फर्मानांवर तर हाताच्या पंजाचा ठसा. लिलावात 'सही नाही' म्हणून ज्या सनदेची किंमत खाली येते, तिला सही कधी असायचीच नव्हती.

मराठवाड्याच्या मातीत या कागदांचे थर किती आहेत ते पाहिले की अचंबा वाटतो. देवगिरीच्या यादवांचे दान तांब्यावर कोरले जाई. रामचंद्रदेवाचा शके ११९३ चा पैठणचा ताम्रपट प्रसिद्धच आहे. मोडी लिपीचे श्रेय परंपरेने दिले जाते ते याच दरबारातल्या हेमाद्रीला, आपल्या हेमाडपंताला. १३२७ साली मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली आणि त्या काळापासून दौलताबाद ते खुलताबाद रस्त्यावरचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी नावाजले गेले. गावाच्या नावातच धंदा आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. तिचे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. शहजादा असताना औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून इथूनच कारभार पाही आणि शेवटी खुलताबादेत मातीआड झाला. निजामाच्या घराण्याचा मूळ पुरुष, पहिला आसफजाह, तोही तिथेच आहे. राजधानी हैदराबादला हलली ती १७६३ च्या सुमारास.

राजधानी गेली तरी दप्तर मागे राहिले होते. औरंगाबादच्या किल्ले अर्कमध्ये शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले सुमारे दीड लाख मोगली कागद पडून होते. १९१६ साली ते हैदराबादच्या दफ्तर-ए-दिवाणी या सरकारी दप्तरखान्यात नेले गेले आणि आज तेलंगणाच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. त्यात 'अर्ज-ओ-चेहरा' नावाचे कागद आहेत. स्वाराचा रंग, भुवया, चेहऱ्यावरचा तीळ, घोड्यावरचा डाग, असे हजेरीसाठी टिपलेले वर्णन. साडेतीनशे वर्षांपूर्वी दख्खनच्या छावणीत उभ्या असलेल्या एका साध्या शिपायाचा चेहरा त्या चार ओळींत आहे. राजाच्या सहीच्या मागे लागलेल्या बाजारात असल्या कागदाला फारशी बोली येत नाही. माझ्या लेखी तो कोणत्याही फर्मानाच्या तोडीचा आहे. हैदराबादला जाणे हे त्या कागदांचे भाग्यच, कारण ते एकत्र राहिले. घराघरांतल्या सनदांना तसे एकत्र ठेवणारे कुणी नव्हते.

त्या घरांत टिकल्या कशासाठी? जमिनीसाठी. देशमुखी, देशपांडेपण, जोशीपण, देवस्थानचा इनाम, दर्ग्याच्या दिवाबत्तीची जमीन, या सगळ्याचा पुरावा तो कागद. निजामाच्या राज्यात इनामाची चौकशी होऊन वारसाच्या नावे 'मुंतखब', म्हणजे हक्क मान्य केल्याचा सरकारी कागद, मिळे, आणि देवस्थान किंवा वक्फच्या खटल्यांत हा शब्द आजही कोर्टात ऐकू येतो. म्हणूनच बनावट सनदाही जुन्या आहेत. संग्राहकाला फसवायला नव्हे, चार बिघे लाटायला त्या केल्या जात. आज बाजारात आलेला खोटा कागद दोनशे वर्षांपूर्वीचा खोटा असू शकतो आणि कागद, शाई, वळण सगळे काळाला धरून असते. तिथे शिक्का कामाला येतो. मोगली आणि निजामी शिक्क्यात बहुधा तो कोरल्याचे हिजरी साल असते. मजकुराची तारीख त्या सालाच्या आधीची निघाली की खेळ संपला. मराठी कागदात शुहूर सन ही जुन्या दप्तरातली कालगणना अरबी आकड्यांच्या शब्दांत असते, 'सलास' (तीन), 'खमस' (पाच), 'अशर' (दहा) अशी, आणि चांद्र तारीख 'छ' लिहून. नकली करणारा बहुतेक वेळा याच जुळणीत चुकतो.

मग कागदांचे बळ एका दशकात गेले. हैदराबाद संस्थानावरच्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईनंतर १९४९ मध्ये जहागिरी संपल्या. १९५४ च्या कायद्याने इनामे आणि रोख अनुदाने रद्द होऊ लागली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, कारभारातून उर्दू गेली, आणि मोडी त्याच सुमारास शाळांतून आणि कचेऱ्यांतून उठली होती. ज्याने जमीन मिळत नाही, जो वाचता येत नाही आणि जो कुणी मागत नाही, असा कागद घरात उरला. काही पेटीत राहिले, काही चुलीत गेले, पुष्कळ रद्दीत. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर देशभरच्या वाड्यांतून सामान बाजारात उतरले. आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट झाली. किल्लारीच्या भूकंपात माणसे गेली, ती हजारोंनी. दगडमातीचे वाडे आणि माळवदे बसली. त्याखाली दप्तरे किती गेली, हे त्या वेळी कुणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. नंतर ढिगाऱ्यातून निघालेले खांब, दरवाजे, तांबेपितळ विकले गेले, तशा पेट्याही.

या पेट्यांचे पहिले गिऱ्हाईक भंगारवाला, दुसरे नाणेवाला. मराठवाड्यात जुन्या वस्तूंचा छंद नाण्यानोटांवरच वाढला, कारण माल हाताशी होता. हाली सिक्का म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा, आणि सात हालीला सहा कलदार हा भाव म्हाताऱ्यांच्या तोंडी असे. १९१८ च्या कायद्यानंतर निघालेल्या निजामी नोटांवर अर्थखात्याच्या प्रमुखांच्या सह्या आहेत. हैदर नवाज जंग म्हणजे अकबर हैदरी, पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झालेले गुलाम मुहंमद, आणि अखेरच्या काळातले डॉ. जी. एस. मेलकोटे, जे स्वातंत्र्यलढ्यातले. सह्यांवरून एका राज्याचा उतार वाचता येतो. माझ्या मते नव्या संग्राहकाने इथूनच सुरुवात करावी. छापील सही आहे, नक्कल ओळखायला सोपी, आणि कुणाच्या देवघरातून काही उचलल्याचे पाप लागत नाही.

हस्तलिखित सनदेचे तसे नाही. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७६ पासून लागू आहे. वस्तूंना शंभर वर्षांची अट असली तरी ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला आणि अभिलेखाला पंचाहत्तरच वर्षे पुरतात. १९४८ मध्ये पंचाहत्तर मिळवा, २०२३ येते. म्हणजे निजामी राजवटीतला असा प्रत्येक कागद आता त्या रेषेच्या आत आला. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. तहसिलीच्या किंवा कोर्टाच्या दप्तरातून सुटलेले पान असेल तर ते मुळात विकणाऱ्याचे नसतेच. बस्त्यात, म्हणजे दप्तराच्या गाठोड्यात, ओवताना पडलेले भोक, दप्तराचा नंबर, कोपऱ्यातला नोंदणीचा ठसा या खुणा पाहूनच बोलीला हात वर करावा. परदेशात आधीच गेलेल्या वस्तू परत आणायला लिलावाचाच रस्ता उरतो. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही. एखाद्या सनदेसाठी अशी बोली लागलेली पाहायची इच्छा आहे.

लिलावाच्या आधीही मराठवाड्यात गोळा करणारे होतेच. इतिहासाचार्य राजवाडे पायपीट करत बीडच्या पाटांगणापर्यंत आले होते आणि तिथे त्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या शिवारात उगवणारी सातवाहनकाळची खापरे, मणी, मूर्ती वर्षानुवर्षे जमवल्या. आज ते शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे आणि वस्तू गावातच आहेत. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी सरकारी नोकरीत राहून फारसी साधने मराठीत आणली. या तिघांच्याही कामात वस्तू कुठे मिळाली हे कधी सुटले नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाडाभर निजामकालीन दप्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस एकाएकी गावोगाव हवा झाला. आमचीही पेटी तेव्हा खाली आली, दसरा नसताना. शेजारच्या तालुक्यातले एक मोडी जाणणारे गुरुजी आले. चष्मा पुसून त्यांनी पहिला कागद उजेडाकडे धरला, जाळीच्या रेघा पाहिल्या, मग हळू आवाजात वाचू लागले. राजाचे नाव वरच्या ओळीत एकदाच होते. बाकी सगळे एका मारुतीच्या दिव्याचे, त्याला लागणाऱ्या तेलाचे आणि त्यासाठी तोडून दिलेल्या पट्टीच्या चतुःसीमेचे. पूर्वेला ओढा, दक्षिणेला चिंचेचे झाड. ओढा अजून आहे. गुरुजींच्या सांगण्यावरून दोन्ही बाजूंचे फोटो काढले, प्लास्टिकमध्ये चिकटवायचे टाळले, आणि कागद नव्या सुती फडक्यात बांधताना आईने सवयीने कुंकवाचा करंडा पुढे केला. गुरुजी म्हणाले, "फडक्याला लावा, माई. कागदाला नको."