गुरुजी, बाई आणि मिस

शहरातल्या एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत केजीपासून चौथीपर्यंतच्या वर्गांवरून फेरी मारा. पुरुष दिसतील ते गेटवर, बसच्या स्टिअरिंगवर आणि फार तर पीटीच्या तासाला. वर्गात ‘मिस’ असते किंवा ‘टीचर’. शाळांची सरकारी माहिती गोळा करणाऱ्या यू-डायस प्लसच्या २०२४-२५ च्या अहवालात देशातल्या शिक्षकांची संख्या पहिल्यांदाच एक कोटीच्या पुढे गेली, आणि त्यांत महिलांचा वाटा ५४.२ टक्के निघाला. इंग्लंडमध्ये तर प्राथमिक शाळेत सातांत जेमतेम एक शिक्षक पुरुष उरला आहे. तिथे ‘लहान मुलांना शिकवायला पुरुष मिळत नाहीत’ ही तक्रार जुनी झाली. आपल्याकडे ती आत्ता कुठे ऐकू येऊ लागली आहे. गंमत अशी की महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे ओरड होती ती नेमकी उलटी: शिकवायला बायका मिळत नाहीत.

इंग्रजी अमलाआधीच्या गावठी शिक्षकाची, पंतोजींची शाळा ही पूर्णपणे पुरुषांची. धुळपाटीवर अक्षरे गिरवून घ्यायची, पाढे-पावकी घोकून घ्यायची आणि मोबदल्यात धान्य, शिधा, सणावाराला थोडे पैसे घ्यायचे. त्यात अब्रू होती, कमाई बेताचीच. सरकारी मराठी शाळा निघाल्या तेव्हा पंतोजींचा ‘मास्तर’ झाला, महिन्याचा पगार ठरला, पण माणूस साधारण त्याच घरांतला राहिला.

मुलींच्या शाळा काढायची वेळ आली तेव्हा ही व्यवस्था अडली. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवायला उभ्या राहिल्या, आणि त्यापायी रस्त्यात काय काय सोसावे लागले ते सर्वांना ठाऊक आहे. पण एक सावित्रीबाई म्हणजे काही व्यवस्था नव्हे. १८६६ मध्ये मेरी कार्पेंटर या इंग्लंडमधल्या समाजसुधारक हिंदुस्थानात आल्या. गावोगावच्या मुलींच्या शाळा पाहिल्यावर त्यांच्या नजरेत भरले ते हेच, की या शाळांत शिकवणारे सगळे पुरुष आहेत. मुलगी जरा मोठी झाली की आईबाप तिला परक्या पुरुषासमोर बसवायला तयार नसत. बायकांसाठी ट्रेनिंग स्कूल काढा, असा त्यांनी सरकारकडे धोशा लावला. पुण्यात १८७० मध्ये मुलींचे ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले त्याला ही पार्श्वभूमी आहे.

सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये झालेल्या दोन साक्षी एकत्र वाचाव्यात अशा आहेत. फुल्यांनी सांगितले की प्राथमिक शाळांतले मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण, त्यांतले थोडेच प्रशिक्षित आणि पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर. मराठी परीक्षा उतरलेल्या मास्तरला किमान बारा रुपये द्या, मोठ्या गावांत पंधरा-वीस द्या, आणि ज्यांना वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला लाज वाटणार नाही अशा शेतकरी वर्गातल्या माणसांना तयार करा, ही त्यांची मागणी. पंडिता रमाबाईंनी शिक्षिका घडवण्यावर भर दिला आणि तपासणीसाठी स्त्री इन्स्पेक्टर मागितल्या. एकाने जातीचे दार उघडायला सांगितले, दुसरीने बाईपणाचे. दोन्ही दारे उघडली, फक्त वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कारणांनी. माझ्या मते प्राथमिक शिक्षकाचा पुढचा सगळा इतिहास या दोन साक्षींत मावतो.

बाई येणार कुठून? आयोगाने सुचवलेला मार्ग व्यवहारी होता: मास्तरांच्या बायकांना उत्तेजन देऊन शिक्षिका करा, विधवांना तयार करा. झालेही तसेच. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे १९१७ च्या सुमारास प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापनशाळा. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुण्याच्या सेवासदनातही ट्रेनिंगचे वर्ग चालत. सोवळ्यात बसवलेली, माहेरी ओझे झालेली बाई ‘मास्तरीणबाई’ होऊन परगावी स्वतःच्या पगारावर राहू लागली, ही त्या काळात लहानसहान गोष्ट नव्हती.

अमेरिकेत त्याआधीच वेगळे घडत होते. मॅसॅच्युसेट्स राज्यात शिक्षणसुधारक होरेस मान १८३७ पासून सार्वजनिक शाळांचे जाळे विणत होते. शाळा भराभर वाढल्या, आणि बाईला पुरुषाच्या निम्म्याहून कमी पगारात नेमता येते हे शाळा चालवणाऱ्यांना कळले. पुरुष गिरण्या, रेल्वे, व्यापाराकडे गेले. तिथे बायका आल्या त्या स्वस्त पडतात म्हणून, आपल्याकडे पहिल्यांदा आल्या त्या मुलींच्या शाळा अडल्या होत्या म्हणून. स्वस्त पडण्याचा हिशेब आपल्याकडेही आला, पण दीडशे वर्षांनी.

मधल्या काळात मराठी गावावर राज्य केले ते ‘गुरुजीं’नी. सातवीनंतर व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला पोरगा नोकरीला लागायचा, मग ट्रेनिंग करून यायचा. फुल्यांना हवा होता तो शेतकऱ्याचा, कुणब्याचा, पुढे महार-मांगांचाही मुलगा हळूहळू याच वाटेने खुर्चीवर बसला. लोकल बोर्डाची शाळा, आणि १९६२ पासून जिल्हा परिषदेची. गुरुजी पत्रे वाचून दाखवत, अर्ज लिहून देत, कित्येक गावांत पोस्टही सांभाळत. जनगणना आणि निवडणूक तर त्यांच्याच गळ्यात. एसटी न पोहोचणाऱ्या वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला, तिथेच मुक्काम करायला पुरुषच पाठवला जाई, कारण बाईला राहायला खोली कोण देणार? आमच्या शाळेत चौथीपर्यंत चारही गुरुजीच होते. ‘बाई’ हा शब्द आम्ही शिक्षिकेसाठी पहिल्यांदा वापरला तो हायस्कुलात.

सरकारने ही रचना जाणूनबुजून बदलली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा मोहीम’ आली. तिने एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक दिला, आणि तो शक्यतो महिला असावा असे म्हटले. त्याच धोरणाच्या १९९२ च्या कृतिकार्यक्रमात पुढच्या भरतीत निम्म्या तरी महिला असाव्यात, असे उद्दिष्ट ठरले. महाराष्ट्राचे महिला धोरण १९९४ चे. सरकारी नोकरीत ३० टक्के जागा महिलांना आल्या. याचा फायदा मुलींना झाला हे मोजलेही गेले आहे. आंध्र प्रदेशातल्या सरकारी शाळांवर कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांनी केलेल्या अभ्यासात शिक्षिकेच्या हाताखाली मुली जास्त शिकतात आणि मुलांचे काही बिघडत नाही, असे दिसले. पुरुष शिक्षक नसल्याने मुलगे मागे पडतात, अशी हाकाटी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण आरक्षणाने पुरुष वर्गाबाहेर गेले, हेही खरे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत गुरुजी आजही मोठ्या संख्येने आहेत. नाहीत ते त्याच तालुक्याच्या गावातल्या खासगी इंग्रजी शाळेत. एकाच गावात, एकाच इयत्तेला, एका शाळेत पुरुष आहे आणि दुसरीत नाही. फरक पगाराचा. एकीकडे वेतन आयोगाची श्रेणी, दुसरीकडे संस्थाचालक हातावर ठेवील ती रक्कम. ‘घरचं सांभाळून अर्धा दिवस नोकरी, बाईमाणसाला बरी’ या वाक्यात त्या कमी पगाराचे समर्थन लपलेले असते, आणि ते वाक्य घराघरांत बोलले जाते.

सरकारी नोकरीची ओढही पुढे आटली. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली: तीन वर्षे मानधनावर, मग कायम. प्राथमिकचे हे मानधन बरीच वर्षे सहा हजारांवर अडकले होते. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. एके काळी बारावीला चांगले गुण पडलेला खेड्यातला मुलगा डी.एड.ला जायचा, कारण दोन वर्षांत ऑर्डर हातात पडे. त्या भरात डी.एड. कॉलेजांचे पेव फुटले. मग भरती थांबली, २०१३ पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, त्यानंतर भरतीचे ऑनलाइन पवित्र पोर्टल. वर्षानुवर्षे वाट पाहून पोरे पोलीस भरतीकडे, एमपीएससीकडे वळली आणि कॉलेजे एकेक करून बंद पडली.

बालवाडीची गोष्ट निराळी. पश्चिम भारतात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत एक पुरुष होता: भावनगरचे गिजुभाई बधेका. वकिली सोडून ते बालमंदिरात रमले, आणि गुजरातीत लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले. ताराबाई मोडक तिथे शिकून आल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली. ‘अंगणवाडी’ हे नाव तिथले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेत ती देशभर गेली तेव्हा सेविका आणि मदतनीस या जागा बायकांसाठीच ठेवल्या गेल्या, पगाराऐवजी मानधनावर. गिजुभाई आज अर्ज करायला गेले असते तर पात्रच ठरले नसते.

सगळे पगाराने उलगडते असेही नाही. केरळात सरकारी पगार चांगला असूनही तीन चतुर्थांशांहून जास्त शिक्षक महिला आहेत. तिथे मुली लवकर शिकल्या आणि पुरुष आखातात गेले. शिवाय आता भीतीही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चिमुरड्या मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याचे उघड झाले. त्यातला आरोपी सफाई कर्मचारी होता, शिक्षक नव्हता. तरी लहान वर्गांजवळ पुरुष नकोच, ही पालकांची भावना तेव्हापासून आणखी घट्ट झाली. तिला दोष देता येत नाही. पण पहिलीचा वर्ग आवडीने मागून घेणारा एखादा गुरुजी आता तो मागताना दोनदा विचार करतो.

जिल्हा परिषदेत मात्र हंटर आयोगाचा सल्ला अजून जिवंत आहे. शिक्षक नवरा, शिक्षिका बायको ही जोडी इतकी रुळली आहे की बदल्यांच्या नियमांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा स्वतंत्र संवर्ग आहे, आणि दर बदलीच्या मोसमात नवरा-बायकोच्या शाळांमधल्या तीस किलोमीटरच्या अंतराच्या अटीवरून भांडणे होतात.